आईंची खिडकी

फेब्रुवारीत आमच्या सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईंना आता ८४वं चालू आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिना उतरणं बंद आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरची पुढची खोली आणि तिथली पश्चिमेची खिडकी एवढ्यातच त्यांचा दिवस जातो. सकाळी शाळेची मॅजिक गाडी येते, मग कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, मग भाजीचा ठेला. दुपारी समोरच्या ओट्यावर मांजर येऊन पसरतं. हे सगळं त्या तिथे बसून, मला स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा आवाजात सांगत असतात. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या गल्लीत काय चाललंय ते मला खाली न जाताच कळतं.

ऑपरेशननंतर हे सांगणं वाढेल असं वाटलं होतं, पण ते कमी झालं. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "अगं, डोळा काही साफ झाला नाही बघ. सगळं धुकट दिसतं." डॉक्टरांकडे नेलं. तिथे आईंनी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ धडाधड वाचली. डोळा उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर पुन्हा धुकं. मेमध्ये परत नेलं, परत तेच. मग मी मनाशी म्हटलं, वय झालं, आता असं काहीबाही वाटणारच. तसं म्हटलं याचं मला आजही वाईट वाटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला, खोलीत गदमदायला लागलं, म्हणून मी खिडकीची काच सरकवली. आई एकदम ताठ बसल्या. "अगंबाई! गुलमोहर केवढा फुललाय!"

गुलमोहर महिनाभर फुललेला होता.

मी काच पुन्हा लावली, आईंना पलंगावर बसवलं आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या उंचीवरून, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तिरप्या उन्हात अख्खी काच दुधाळ झालेली. येता-जाता उभ्यानं बघणाऱ्या मला ते कधी दिसलंच नव्हतं. दर शनिवारी कामाची बाई ती काच पुसते, त्यामुळे ती स्वच्छच आहे असं मी धरून चालले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या काचेच्या मागे लागले होते. त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. आपल्या शहरात घरोघरी बोरिंग आहे, दर घरात कुठली ना कुठली खिडकी अशी झालेली असणार, आणि तिच्यामागे बसलेलं कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांना दोष देत असेल.

आधी चुका सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. काचेचा निळा स्प्रे मारला आणि वर्तमानपत्रानं घासलं. ओली होती तोवर काच आरशासारखी, वाळली की डाग जिथल्या तिथे. मग भांड्यांचं लिक्विड, मग खायचा सोडा. शेवटी वैतागून तारेची घासणी घेतली आणि खालच्या कोपऱ्यात दोनदा फिरवली. तिथे आता केसासारखे बारीक ओरखडे आहेत आणि ते कायमचेच. डाग मात्र तसाच राहिला.

तेव्हा आईंनी त्यांचं पंचांग वाचायचं भिंग पुढे केलं. "आधी नीट बघ तरी, आहे काय ते."

भिंगातून पाहिलं आणि बघतच राहिले. उघड्या डोळ्यांना जो नुसता पांढुरका पडदा दिसत होता तो हजारो कड्यांचा होता. प्रत्येक कड्याची कड जाड, पांढरीशुभ्र, आणि आतला भाग पातळ, जवळजवळ पारदर्शक. मोठ्या कड्याच्या पोटात लहान कडं, त्याच्या आत ठिपका. एकावर एक पडलेली कडी जिथे मिळत होती तिथे तर खरखरीत उंचवटाच. काचेवर थेंब वाळतो तेव्हा कडेचं पाणी आधी उडतं, त्याची जागा भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना आपल्यातले क्षार सोबत नेतं. म्हणून कड जाड होते. म्हणजे माझ्यासमोर चार-पाच उन्हाळ्यांचा प्रत्येक थेंब आपापली सही करून गेलेला होता.

नख फिरवलं तर ते सरकता सरकता अडकायचं. मग उदबत्तीच्या काडीच्या टोकानं व्हिनेगरचा एक थेंब एका कड्यावर सोडला आणि भिंग धरलं. क्षणभर काही नाही. मग कडेवर खसखशीहून बारीक बुडबुडे धरू लागले, फुगले, एकेक करून सुटले. थोड्या वेळानं थेंब टिपला तर त्या कड्याचा अर्धा काठ गायब! मला आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी आठवली. चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसतं आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. काचेवर बसला होता तो मळ नव्हताच. तो दगड होता.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. निळा स्प्रे तेलकटपणासाठी, बोटांच्या ठशांसाठी असतो. तो बहुधा अल्कधर्मी असतो, त्याचा दगडाशी काही संबंध नाही. खायचा सोडाही अल्कधर्मीच. काच ओली असताना डाग दिसत नाही, कारण पाणी त्या खरखरीत थरातल्या फटी भरून काढतं आणि प्रकाश विखुरत नाही. वाळलं की फटी उघड्या. ओल्या काचेवर समाधान मानून मी दर दिवाळीला फसत आले होते.

आता हा दगड येतो कुठून? आपल्या पायाखालून. माळव्याची जमीन काळ्या पाषाणाची, महाराष्ट्रातलं बेसॉल्टचं पठार पसरत पसरत इथवर आलेलं आहे. आमचं बोरिंग केलं तेव्हा निघालेल्या काळ्या चुऱ्यात पांढरे चमकणारे खडे होते, मुलानं ते काडेपेटीत जमवून ठेवले होते. पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये असे स्फटिक भरलेले असतात. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि वाटेतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. वर आल्यावर उन्हात वाळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम पुन्हा कार्बोनेट होऊन बसतं. गुहेत छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळके असेच घडतात. तिथे त्याला हजारो वर्षं लागतात. आमच्या खिडकीला कूलर असल्यामुळे चार उन्हाळे पुरले.

आमच्याकडे दोन पाणी. नर्मदा एक दिवसाआड येते, ती पिण्याला आणि स्वयंपाकाला. बोरिंग बाकी सगळ्याला. सासरे असताना १९७० सालच्या नर्मदा आंदोलनाच्या गोष्टी सांगायचे. सगळं शहर रस्त्यावर आलं होतं, आणि त्यानंतर नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून पाणी इंदुरात आलं. आईंना ते पाणी पहिल्यांदा नळाला आलं तो दिवस आठवतो. त्या म्हणतात, त्या दिवशी तूरडाळ कशी लोण्यासारखी शिजली. बोरिंगच्या पाण्यात डाळ दडदडीत राहते, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका आहे. घरी आपण जड पाणी म्हणतो.

आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाकडून मी दोन्ही पाणी मोजून घेतलं. त्याच्या टीडीएस मीटरवर नर्मदा २३० आणि बोरिंग ८१०. पण टीडीएस म्हणजे सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज. काचेवर दगड कोण करतं ते कळायला काठिण्य, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजावं लागतं. त्याच्याकडे थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायची छोटी बाटली होती. त्यात बोरिंगचं काठिण्य लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे आमचं पाणी विषारी नाही, जगावेगळंही नाही. माळव्यातलं साधं बोरिंगचं पाणी आहे.

मीटर नसेल तर साधी परीक्षा आहे. दोन सारख्या बाटल्यांत अर्धं अर्धं पाणी घ्या, एकात बोरिंगचं आणि एकात पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि हलवा. पावसाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढेल, बोरिंगच्या बाटलीत साय धरल्यासारखा चोथा तरंगेल. डिटर्जंट घेऊ नका, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

मग मी कूलरचा हिशेब मांडला आणि तो हिशेब मांडताना अंगावर काटा आला. आमचा कूलर आईंच्या खिडकीशेजारी, बाहेरच्या लोखंडी स्टँडवर असायचा. मे महिन्यात तो दिवसाला पन्नासेक लिटर पाणी पितो. पाणी हवेत जातं, क्षार जात नाहीत. लिटरला ४२० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला २१ ग्रॅम. तीन महिन्यांचा उन्हाळा धरला तर जवळपास १ किलो ९०० ग्रॅम. पावणेदोन-दोन किलो दगड एका उन्हाळ्यात, एका कूलरमधून! काही वाळ्याच्या ताट्यांवर बसतो, काही तळाशी. पण टाकीतलं पाणी दिवसेंदिवस आणखी जड होत जातं, कारण उडालेल्या पाण्याच्या जागी आपण पुन्हा जड पाणीच भरतो. हेच दाट झालेलं पाणी वाऱ्यावर शिंतोडे होऊन आईंच्या काचेवर जात होतं, आणि पश्चिमेचं ऊन ते मिनिटात वाळवत होतं.

आरओचं वाया जाणारं पाणीही मी बादलीत साठवून काचा धुवायला आणि पोछ्याला वापरायचे. पाणी वाचवल्याचं समाधान वाटायचं. पण आरओ जे क्षार गाळून काढतो ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातात, ते मूळ पाण्याहून जड असतं. पोछ्याला किंवा संडासात ते बिनदिक्कत वापरावं. काचेला, गाडीला, नळाच्या तोट्यांना ते लावू नये.

इलाज ठरला होता, आम्लाचा. पण पहिल्याच दिवशी मी एक नुकसान करून बसले. खिडकी जागेवर ठेवूनच व्हिनेगरचा स्प्रे मारला, चांगला सढळ हातानं. काचेवर बुडबुडे आले, मला आनंद झाला. ओघळ खाली उतरले, ते मी नंतर पुसू म्हटलं. संध्याकाळी पाहिलं तर खिडकीच्या कठड्यावरच्या हिरवट कोटा स्टोनवर ओघळांच्या आकाराचे फिके, खरखरीत पट्टे. पाणी मारलं, तेल लावून पाहिलं, पण पॉलिश गेलं ते गेलं. कोटा स्टोन हा चुनखडीचाच दगड, राजस्थानातून कोट्याकडून, रामगंज मंडीच्या खाणींतून येतो. काचेवरचा डाग आणि कठड्याचा दगड हे मुळात एकाच जातीचे. आम्लाला त्यातला कुठला आपल्याला नको आहे आणि कुठला हवा आहे हे कसं कळणार? संगमरवराचंही तेच. इंदुरात जुन्या घरांत कोटा सगळीकडे आहे, जमिनीला, ओट्याला, जिन्याला. म्हणून हे विशेष ठासून सांगते. आधी कठडा झाका, मगच बाटली हातात घ्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुचवलं ते मात्र लाखमोलाचं निघालं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची काच चौकटीसकट वर उचलून खालून ओढली की पट्टीतून बाहेर येते. दोघांनी मिळून काढायची, एकट्यानं नाही, आणि वरच्या मजल्यावर असाल तर आतल्या बाजूलाच. आम्ही ती गच्चीवर नेली, खाली जुनी गोधडी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि काच आडवी ठेवली. आडव्या काचेवरून ओघळ जात नाहीत, आम्ल जिथे टाकलं तिथेच काम करत राहतं. खिडकीबाहेर वाकायचा धोकाही टळला. ज्यांच्या काचा निघत नाहीत त्यांनी कठड्यावर प्लॅस्टिक आणि त्यावर गुंडाळलेला जुना टॉवेल ठेवावा, म्हणजे ओघळ तिथेच शोषले जातात.

व्हिनेगरऐवजी मी लिंबूसत्त्व घेतलं, दुकानात नींबू सत मागितलं की मिळतं. वास नाही, आणि खाण्यातलंच. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. सूर्य वर यायच्या आत काम सुरू केलं, कारण मिश्रण काचेवर वाळलं तर सगळं फुकट, उलट त्याचाच नवा थर बसतो. आईंच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या त्यात भिजवून काचेवर चिकटवल्या आणि वरून प्लॅस्टिक पसरलं. अर्धा तास हात लावला नाही. मधे एकदा एक कोपरा उचलून पाहिला तर पट्टीखाली पाणी सोड्यासारखं बारीक फसफसत होतं.

अर्ध्या तासानं पट्ट्या काढल्या आणि नायलॉनच्या मऊ घासणीनं गोल गोल फिरवलं. जोर लावला नाही, कारण आता घासायचं नव्हतं, सैल झालेलं उचलायचं होतं. पहिल्या खेपेत तीन चतुर्थांश गेलं. दुसऱ्या खेपेला पट्ट्या फक्त जाड डागांवर ठेवल्या. कडेच्या रबराला लागून एक पांढरी रेघ उरली होती, तिथे नवं ब्लेड घेतलं. काच चिंब ओली, ब्लेड जवळजवळ आडवं, आणि एकाच दिशेनं ढकलायचं, मागे ओढायचं नाही. कॅल्शियम कार्बोनेट काचेपेक्षा बरंच मऊ असतं, त्यामुळे साध्या काचेवर हे चालतं. पण रंगीत फिल्म लावलेली काच किंवा लेप दिलेली चमकदार काच असेल तर ब्लेड अजिबात नको. भट्टीत तापवून कडक केलेल्या टफन काचेवरही मी वापरणार नाही. तिच्या पृष्ठभागावर भट्टीतले काचेचे बारीक कण चिकटलेले असू शकतात, ब्लेडनं ते सुटतात आणि पुढे फरफटत ओरखडे पाडतात.

हातमोजे घाला. लिंबूसत्त्व सौम्य असलं तरी नखाजवळ चीर असेल तर डोळ्यांतून पाणी येतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ते रेंगाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

बाथरूमचं ॲसिड मात्र घेऊ नका. कामाच्या बाईनं मला तेच सुचवलं होतं, "भाभी, एक मिनिट में निकल जाएगा." निघेलही. पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याच्या वाफेनं छाती भरते, ॲल्युमिनियम काळवंडतं, आणि चुकून त्यात ब्लीच मिसळलं गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. शेजारी म्हातारं माणूस श्वास घेत बसलेलं असताना एका मिनिटाची घाई कशाला?

शेवटचं धुणं हेच खरं मर्म आहे, आणि इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. साफ झालेली काच बोरिंगच्या पाण्यानं धुतली की दगडाचा नवा थर तिथेच सुरू झाला. मुलाच्या खोलीतल्या एसीचं पाणी पाइपानं बादलीत पडतं. ते हवेतलं बाष्प गारठून झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओवाल्या मुलानं मीटर बुडवला तर १८. तेच पाणी काचेवर ओतलं. वायपर वरून खाली, प्रत्येक फेरीनंतर त्याचं रबर पुसून, आणि शेवटी चारही कडा सुक्या धोतराच्या फडक्यानं टिपल्या. एसी नसेल तर पावसाचं पाणी घ्या. पहिला पाऊस गच्चीची धूळ वाहून नेतो, तो सोडून द्यायचा, त्यानंतरचं धरायचं. तेही नसेल तर नर्मदेचं चालेल, पण वाळू न देता पुसलंच पाहिजे.

काच परत बसवली तेव्हा आई काही बोलल्या नाहीत. खुर्ची थोडी पुढे घ्यायला सांगितली. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "समोरच्यांनी गेटला रंग दिला का गं?" रंग मागच्या दसऱ्याला दिला होता.

खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग मात्र निघाला नाही. तिथे नख अडकत नाही, आम्लानं बुडबुडे येत नाहीत, तरी वाळली की काच आंधळी. कारण शोधलं तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं शेजारचं बांधकाम आठवलं. स्लॅबची आणि प्लास्टरची तराई, म्हणजे ते ओलं ठेवायला पाणी मारणं, पाइपानं चालायची, सिमेंटचं पाणी आमच्या काचांवर उडून वाळायचं. एक-दोनदा सांगितलं, पुढे सांगणं सोडून दिलं. ओल्या सिमेंटच्या पाण्यात चुना असतो, ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि साचून राहिलं तर काचेचाच पृष्ठभाग खातं. हा डाग काचेवर बसलेला नाही, काचेतूनच काहीतरी निघून गेलेलं आहे. त्याला आम्ल काही करू शकत नाही. काचवाले सेरियम ऑक्साइडची पूड आणि लोकरीचं चाक घेऊन घासून असा भाग उजळ करतात, पण खड्डा खोल असेल तर काच बदलणंच सोपं. तुमच्या शेजारी बांधकाम निघालं, किंवा तुमच्याच घरी प्लास्टर असलं, तर त्या दिवसांत काचांवर प्लॅस्टिक चिकटवून टाका, आणि शिंतोडे उडालेच तर त्याच दिवशी धुवा. आठवड्यानं धुवू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

आता घरातले बदल. कूलरचा स्टँड मागच्या खिडकीवर हलवला, तिथे शिंतोडे भिंतीवर जातात. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून नव्यानं भरतो, नुसतं वरून भरणं बंद. कठड्यावरच्या मोगऱ्याच्या आणि गोकर्णाच्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि झारीनं पाणी मुळाशी घालते, पूर्वी पाइपानं घालायचे ते काचेवर उडायचं. पाइप लावून बाहेरून काचा धुणं बंद केलं. दिवाळीच्या साफसफाईत आपण हौसेनं तेच करतो, आणि दुपारच्या उन्हात करतो. काचा सकाळी, सावलीत, एका वेळी एकच धुवावी आणि ती पुसूनच दुसरी घ्यावी. मुलानं गाडीचं मेणाचं पॉलिश काचेच्या बाहेरच्या बाजूला लावून दिलंय. त्यावर थेंब पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. काही महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागेल. घरादाराच्या पाण्याला मऊ करणारं यंत्र बसवायचा विचारही केला. गिझरच्या कॉइलवरचा थर पाहता तो खर्च कधीतरी करावा लागेल, पण निव्वळ काचांसाठी वायपर आणि एसीची बादली पुरेशी आहे.

आणि डाग ताजा असतानाच काढावा. या आठवड्यात पडलेला थेंब लिंबाच्या फोडीनं जातो. चार वर्षांचा थर काढायला काच गच्चीवर न्यावी लागते.

कोपऱ्यातल्या आंधळ्या भागासाठी काचवाल्याला बोलावलं होतं. त्यानं माप घेतलं, चार मिलिमीटरची साधी काच, दिवाळीआधी बदलू म्हणाला. आई म्हणाल्या, राहू दे, तिथून फक्त नाली दिसते.

काल पहिला मोठा पाऊस झाला. तो थांबल्यावर मी नेहमीप्रमाणे फडकं घेऊन काच पुसत होते आणि आई खुर्चीतून बोट दाखवत होत्या, "वर डावीकडे बघ, एक थेंब राहिला. त्याच्या खाली अजून एक."